लाभ, टिक, टिक

"एकोणसत्तर," साहेब म्हणाले आणि त्यांनी कॅल्क्युलेटर पौर्णिमाकडे फिरवला.

फिरवायची गरज नव्हती. तिच्या कागदावरही तोच आकडा होता. तिने तो तीनदा काढला होता आणि तिसऱ्यांदाही तोच आला तेव्हा कागद पालथा घालून ठेवला होता. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या त्या शेडच्या स्टोअरमध्ये वहीप्रमाणे सहाशे अकरा कॉइल असायला हव्या होत्या. सकाळपासून मोजून निघाल्या पाचशे बेचाळीस. एक कॉइल तीन किलो तांब्याची. म्हणजे दोनशे किलो तांबं या चार भिंतींतून चालत गेलं होतं आणि जाताना कुणाला दिसलं नव्हतं.

मार्च महिना होता, नव्व्याण्णव साल. वरचे पत्रे असे तापले होते की स्टोअरमध्ये वार्निशचा वास डोक्यात जात होता. पौर्णिमाचं लक्ष मात्र वहीत होतं. वहीच्या प्रत्येक पानाखाली सही तिची होती.

शेडचं काम सोपं होतं. गावोगावचे जळके ट्रान्सफॉर्मर, ज्यांना सगळा मुलूख डीपी म्हणतो, ते ट्रकातून यायचे. त्यांच्या पोटातल्या जळक्या कॉइल उपसायच्या, नव्या बसवायच्या, तेल भरून परत पाठवायचे. काम चोख होतं. हिशेब मात्र देवाच्या भरवशावर. आलेल्या डीपीला तारेने एक कार्ड बांधलेलं असे, ते ओव्हनमध्ये डीपीबरोबरच भाजून निघे. मग कुणीतरी खडूने नंबर लिही, तो दुसऱ्या कुणाच्या तेलकट हाताने पुसला जाई. वाइंडिंगच्या खोलीत शकू रोज किती कॉइल गुंडाळल्या याची चिठ्ठी लिहून भिंतीतल्या खिळ्याला टोचून ठेवी. तेवढी एकच गोष्ट त्या शेडमध्ये नियमाने होत होती. फिटिंगवाले तर काहीच लिहीत नसत. त्यांचं म्हणणं, डीपी चालू झाला ना? मग आनखी काय लिवायचं? कोणत्या डीपीला किती तांबं लागलं आणि तो दुरुस्त करून शेडला सुटलं काय, हे साहेबांना वर्ष संपल्याशिवाय कळत नसे, आणि कळे तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढे.

म्हणून डिसेंबरात साहेब ठाण्याला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला गेले. दोन दिवसांत माणूस सायकल शिकत नाही, साहेब हिशेब शिकून आले. येताना त्यांनी टिक आणली.

तोवरची पद्धत अशी होती. रोज सकाळी नऊला नवसू स्टोअरच्या मांडणीवरून कॉइल काढून हातगाडीत भरायचा, भरताना मोठ्याने मोजायचा, आणि जाळीच्या खिडकीमागे बसलेली पौर्णिमा शेवटी त्याने सांगितलेला आकडा वहीत लिहायची. साहेबांना हे पटेना. "हे ऐकीव झालं. माणूस मोजताना चुकतो, टिक चुकत नाही." त्यांनी जानेवारीच्या चार तारखेपासून नवा नियम केला. नवसूने आकडा म्हणायचाच नाही. एक कॉइल गाडीत ठेवली की "टिक" म्हणायचं. पौर्णिमाने मान वर न करता कागदावर टिक मारायची. रोज एक गाडी, रोज एक पान, खाली बेरीज आणि सही.

नवसूला आकडे येत नव्हते असं कुणी समजू नये. शाळेत तो गेला नव्हता, पण डोंगराखालच्या पाड्यांत भाताची रास मोजायला वीस-पंचवीस वर्षं त्यालाच बोलवत आले होते. मापारी म्हणून त्याचं नाव होतं. त्याला हे 'टिक' प्रकरण पोरखेळच वाटलं असणार. पण साहेबांचा हुकूम. "टिक त टिक," एवढंच बोलून तो कामाला लागला. रोज सकाळी पहिली कॉइल कपाळाला लावायचा, "लाभ" म्हणायचा, आणि मग त्याची टिकटिक सुरू व्हायची. पौर्णिमाला त्या खरखरीत आवाजाची इतकी सवय झाली होती की सुट्टीच्या दिवशीही नऊ वाजता तो कानात वाजे.

"चार जानेवारी ते आज," साहेब भिंतीवरचं कॅलेंडर चाळत म्हणाले, "सुट्टीचे शुक्रवार सोडले, सव्वीस जानेवारी सोडला, धुळवड, पाडवा सोडला. कामाचे दिवस किती भरले माहितीये?"

पौर्णिमाने वहीची पानं मोजलेली होती. रोज एक पान.

"एकोणसत्तर," ती म्हणाली आणि म्हणता म्हणता तिला कळलं, आपण काय बोललो ते.

"रोज एक!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "रोज एक कॉइल! डब्याच्या पिशवीतून! बोलवा त्या म्हाताऱ्याला."

पिशवी होती, हे खरं. पॅकिंगच्या लाकडाच्या ढलप्या नवसू चुलीसाठी रोज घरी न्यायचा. साहेबांनीच परवानगी दिली होती. आता त्याच ढलप्यांखाली त्यांना तांबं दिसू लागलं.

नवसू आला, दाराशी चप्पल काढून उभा राहिला. साहेबांनी विचारलं. त्याला आधी प्रश्नच कळेना. कळला तेव्हा तो साहेबांकडे न बघता पौर्णिमाकडे बघू लागला.

"मी नाय घेतला, सायेब."

"मग कुणी घेतल्या? मांडणीला हात लावणारा तू एकटा. ही बाई खिडकीतून उठत नाही. भुतानं नेल्या?"

"मी नाय घेतला."

"एकोणसत्तर दिवस, एकोणसत्तर कॉइल. हा काय योगायोग आहे? खाई त्याला खवखवे, नवसू. बघ, तुझे हात बघ कसे कापतायत."

हात कापत होते. साठी उलटलेल्या माणसाला चोर म्हटल्यावर हात कापले तर तोही पुरावा झाला. साहेबांनी वॉचमन आणि ड्रायव्हरला जीप देऊन त्याच्या पाड्यावर पाठवलं आणि त्याला गेटजवळच्या बाकावर बसवून ठेवलं.

मग त्यांनी एक टाइप केलेला कागद पौर्णिमापुढे ठेवला. तिने वाचला. 'मी फक्त नवसू याच्या सांगण्यावरून टिक करत होते. बाहेर जाणारा माल मी स्वतः पाहिलेला नाही. टिक न सांगता त्याने रोज एक कॉइल परस्पर बाजूला काढली असावी, अशी माझी खात्री आहे.'

"खात्री?" पौर्णिमा म्हणाली.

"सही करा. उद्या अकराला मी पोलीस स्टेशनला जाणार आहे. तुमचा कागद जोडला की तुमचा संबंध संपला." साहेबांनी आवाज खाली आणला. "नाहीतर विचारणारे दोघांनाही विचारतील. वहीवर सही तुमची आहे, पौर्णिमा. आणि तुमची परमनंटची ऑर्डर माझ्या ड्रॉवरमध्ये तयार आहे, एक एप्रिलची. मी काही तुमचा शत्रू नाही."

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर अडचण होती. दोन वर्षं ती रोजंदारीवर होती. शहापूरहून सकाळची एसटी धरून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला यायचं, संध्याकाळी तसंच परत. ती ऑर्डर मिळाली की पगार जवळजवळ दुप्पट होणार होता. धाकट्या भावाची, बुद्धभूषणची, कॉलेजची फी त्यावर ठरलेली होती.

"उद्या सकाळी करते," ती म्हणाली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण कागद तिला दिला.

ती बाहेर पडली तेव्हा जीप परत आली होती. काही मिळालं नव्हतं. ड्रायव्हर हसत हसत कुणाला तरी सांगत होता, कणगी उलटी केली, सगळं भात अंगणात ओतलं, म्हातारी नुसती बघत बसली. साहेब खिडकीतून ओरडले, "मिळेल कशाला? विकून मोकळा झाला असेल."

नवसूने ते ऐकलं. तो बाकावरून उठला नाही. पौर्णिमाला त्याच्यासमोरून जाणं भागच होतं.

"बाय," तो म्हणाला. "माझी म्हातारी, भिमी, एकटी होती घरी. भात ओतला म्हंतात."

पौर्णिमा उभी राहिली.

"लोकांच्या राशी मोजल्या मी. या हातानी. इकडची मूठ तिकडं नाय केली कदी. तू त रोज ऐकतीस ना गो माझा मोजना. तू सांग ना त्यांना."

काय सांगणार? तिच्या मनात त्या क्षणी काय होतं ते सांगायलाच हवं, ते काही फार चांगलं नव्हतं. तिच्या मनात होतं, रोज एक, कोण जाणे, गरिबी वाईट. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरी तो विचार जागचा हलला नाही. "बघते बाबा," एवढंच बोलून ती एसटी स्टँडकडे चालू लागली. पर्समध्ये तो कागद होता.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. तिचे वडील बारकू ओट्यावर पेपर वाचत बसले होते. जन्मभर तानसाच्या पाइपलाइनवर गस्त घालून निवृत्त झालेला माणूस. पेपर वाचायचा तोही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुठे गळती नाही ना हे बघितल्यासारखा. आत आई चंद्राबाई शेजारच्या बाईजाशी बोलत होती. बाईजाने मागच्या आठवड्यात पाहुणे आले म्हणून तांदूळ उसने नेले होते, ते परत द्यायला आली होती. येताना आपलं शेराचं मापही घेऊन आली होती, कारण दुसऱ्याच्या मापावर तिचा विश्वास नव्हता.

पौर्णिमा पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीला टेकली. आईने विचारलं, तोंड का असं उतरलंय? तिने तांब्या तोंडाला लावला.

बाईजाने सुपातून माप भरलं, हाताने काठोकाठ केलं आणि चंद्राबाईच्या रिकाम्या डब्यात ओतलं.

"लाभ."

दुसरं भरलं. "दोन." मग "तीन". मग "चार".

"घे गो चंद्रे, तुझं चार शेर. फिटला."

ओट्यावरून बारकूंचा आवाज आला. "बाईजा, किती वेळा सांगितला, माझ्या घरात मोजायचा त एक बोलायचा."

"आरं बारकू, लाभ म्हंजे एकच ना! एक नाय झाला त दोन कुठना आला?"

दोघी हसल्या. हे भांडण जुनं होतं, दर उसनवारीला व्हायचं. पौर्णिमाने ते लहानपणापासून पन्नासदा ऐकलं असेल. पण आज तिच्या हातातून तांब्या निसटला आणि पाणी पार बाईजाच्या सुपापर्यंत गेलं.

"बाईजामावशी, परत मोज."

"आता काय झाला?"

"परत मोज गं. पहिल्यापासून. मोठ्यानं."

बाईजाने चंद्राबाईकडे बघितलं, पोरीला काही झपाटलं-बिपाटलं का म्हणून. पण डबा सुपात रिकामा करून पुन्हा मोजलं. लाभ, दोन, तीन, चार. डब्यात चार शेर तांदूळ होते. पौर्णिमा बोटांवर मोजत होती. शब्द चार. मापं चार. यातला 'लाभ' सोडला तर उरले तीन.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! एकोणसत्तर दिवस ती जाळीच्या मागे मान खाली घालून बसली होती. एकोणसत्तर दिवस नवसूने पहिली कॉइल कपाळाला लावून "लाभ" म्हटलं होतं आणि ती गाडीत ठेवली होती. दुसरीला "टिक" म्हटलं होतं. साहेबांनी आकडे बंद केले होते. लाभ हा आकडा आहे हे साहेबांना कुठे माहीत होतं, आणि लाभ बंद करायचा हे नवसूला कुणी सांगितलं होतं? आधीच्या पद्धतीत तो शेवटी "चोवीस" म्हणायचा, ती चोवीस लिहायची, चूक व्हायला जागाच नव्हती. टिक आली आणि पहिली कॉइल रोज हिशेबाबाहेर गेली. चोरी झालीच नव्हती. कॉइल डीपीत बसून गावोगाव दिवे लावत होत्या.

तिला आधी हसू आलं, आणि लगेच ते विरलं. नवसू रोज बरोबर मोजत होता. चुकली ती.

ती ओट्यावर वडिलांजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. बारकूंनी पेपर घडी करून मांडीखाली ठेवला.

"मला वाटायचं, नवसूबाबा देवाचं नाव घेतात. सुरुवातीला. आपल्याकडं कुणी म्हणत नाही ना. तुमी मला लहानपणी त्यावरून रागावला होता, बाबा."

"रागावलो होतो," बारकू म्हणाले. "माझा बाप खळ्याच्या कडंला उभा राहायचा. वर्षभर राबलेला. मापारी पयला माप घेऊन बोलायचा, लाभ. आमी पोरं बघत राहायचो, हा लाभ आपल्या ओटीत कवा पडंल. सगळी रास उचलून झाली का खाली मातीत जे चिकटून राहायचा, तो आमचा. मंग आमी धम्म घेतला. त्या वर्षी बाप बोलला, आता आपल्या घरात पयल्याला एक बोलायचा. कुणाचा लाभ नाय, कुणाचा उपकार नाय. एक म्हंजे एक. म्हणून मी तुमाला तो शब्द टाकायला लावला."

"तो टाकला, म्हणूनच तर..."

"शब्द टाकायला सांगितला, पोरी. मानूस टाकायला नाय सांगितला."

पौर्णिमाने पर्समधला कागद त्यांना दाखवला. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला. ऑर्डरचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. ते विचारतील या भीतीनेच ती अर्धी झाली होती.

सकाळच्या एसटीत बसल्यावर मात्र भीतीने वेगळं रूप घेतलं. किन्हवली येईपर्यंत ती ठाम होती. सरळगाव गेलं तसा एक आवाज म्हणू लागला, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? कागदावर सही केली तर चूक कधीच उघडी पडणार नाही. नवसूला काय, काही मिळालेलं नाही, दोन दिवसांनी सोडतीलही. तोंड उघडलंस तर दोनशे किलोची चूक तुझ्या नावावर. आणि वर, साहेब मानतील कशावरून? म्हणतील, म्हाताऱ्याला वाचवायला गोष्ट रचली. त्या आवाजाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून तर तो इतका घाबरवत होता. मुरबाड स्टँडवर ती उतरली तेव्हाही तो बोलतच होता.

नवसू गेटबाहेर उकिडवा बसला होता. वॉचमनने आत सोडलं नव्हतं. त्याच्याशी एक शब्दही न बोलता ती पुढे गेली. मुद्दामच.

"साहेब, मी सही करत नाही," ती म्हणाली. "चोरी झालेली नाही. चूक माझी आहे."

तिने सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी हसले.

"लाभ म्हणजे एक? मी कल्याणला जन्मलो, पौर्णिमा, परदेशात नाही. मी कधी ऐकलं नाही."

"तुमच्या घरी तांदूळ दुकानातून येतो, साहेब. तुम्हाला कोण ऐकवणार?"

हे तोंडातून कसं गेलं तिला कळलं नाही. साहेबांचं हसू गेलं. ती घाईने म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? आजची गाडी अजून भरायचीये. त्याला आत घ्या. त्याला काहीच सांगू नका. माझ्या जागी तुम्ही बसा, तुम्ही टिक मारा. मी बोलत नाही, मी त्याच्यासमोरही येत नाही. मग गाडीतल्या कॉइल मोजा. टिका आणि कॉइल सारख्या निघाल्या, तर मी सही करते. तुमच्यासमोर, लगेच."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. "अकराला मी निघणार," असं बजावून ते जाळीच्या खिडकीमागे जाऊन बसले. शकू आणि वाइंडिंगच्या बायका दारात जमल्या. फिटिंगवाल्यांनी हातोडे खाली ठेवले. पौर्णिमा मांडणीच्या मागे, जिथून नवसूला ती दिसणार नाही, तिथे भिंतीला चिकटून उभी राहिली.

नवसूला आणलं. "रोजच्यासारखी गाडी भर," एवढंच साहेब म्हणाले.

तेव्हा पौर्णिमाच्या लक्षात आलं की आपण केवढा मोठा जुगार खेळलोय. हा माणूस काल दिवसभर चोर ठरला होता. त्याच्या घरात जीप गेली होती. आज समोर साहेब स्वतः बसलेले. भीतीने त्याने लाभ म्हटलंच नाही तर? पहिलीलाच "टिक" म्हटलं तर? मग टिका आणि कॉइल सारख्या निघतील, आणि ज्याला वाचवायला आलो त्याला आपल्याच हाताने पोलिसांकडे पोचवू. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा, रोजच्यासारखं! तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

नवसूने पहिली कॉइल उचलली. थांबला. खिडकीकडे बघितलं. कॉइल कपाळापर्यंत गेली की नाही ते तिला नीट दिसलं नाही. पूर्ण शेडमध्ये फक्त ओव्हनचा पंखा घरघरत होता.

"लाभ," तो पुटपुटला आणि कॉइल गाडीत ठेवली.

साहेबांची मान खाली होती. पेन कागदावर टेकलेलं होतं. ते हललं नाही.

"टिक," नवसू म्हणाला. पेन हललं. "टिक." "टिक." "टिक."

पौर्णिमाने तोंडाशी धरलेला पदर सोडला.

गाडी भरली. साहेबांनी टिका मोजल्या, तेवीस. मग ते स्वतः बाहेर आले आणि कॉइल मोजू लागले. एकदा मोजल्या. शर्टाच्या बाह्या वर करून परत मोजल्या. तिसऱ्यांदा प्रत्येक कॉइलला खडूची रेघ मारत मोजल्या. चोवीस.

शकूने वाइंडिंगच्या खोलीत जाऊन कालची चिठ्ठी विनाकारण पुन्हा खिळ्याला टोचली, आवाज होईल अशी.

साहेबांनी टाइप केलेला कागद फाडला. माफी वगैरे मागायची त्यांची रीत नव्हती. नवसूला म्हणाले, "उद्यापासून पहिल्या कॉइललाही टिक म्हणायचं. समजलं? लाभ-बिभ काही नाही." मग पौर्णिमाकडे वळून, "आणि तुम्ही. एकोणसत्तर पानं दुरुस्त करून द्या, लाल शाईनं, प्रत्येक पानावर सही. ऑर्डरचं पुढच्या वर्षी बघू. चूक ती चूकच."

तिने मान हलवली. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला, घरी जाऊन ती आईच्या कुशीत रडलीही. पण त्या दुपारी लाल शाईने पहिली टिक मारताना तिचा हात हलका होता.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती खिडकीत बसली. आज मान खाली घालायची नाही, असं तिने ठरवलं होतं. साहेबांचा नियम गेला खड्ड्यात, आपण डोळ्यांनी बघून टिक मारायची. आणि नवसू लाभ म्हणाला की त्याच्याकडे बघून हसायचं, हेही ठरवलं होतं.

नवसू गाडी घेऊन आला. मांडणीवरून पहिली कॉइल काढली. कपाळाला लावली नाही. तशीच गाडीत ठेवली.

"टिक."

तिचं पेन हवेतच राहिलं.

"बाबा, लाभ म्हणा ना. आता मला कळतं. मी बरोबर लिहिते."

नवसूने दुसरी कॉइल उचलली. तो रागावलेला नव्हता. रोज बोलायचा तशाच आवाजात बोलला.

"नको गो बाय. लाभ म्हटला का घरी जीप येतं."

त्याने कॉइल गाडीत ठेवली आणि थांबला. पौर्णिमाने पानावर दोन टिका मारल्या, तेव्हा त्याने तिसरी उचलली.